आदला शनिवार

टिअर्नी वकिलानं अंगठा ओला करून पासपोर्टचं एकेक पान उलटलं, एका पानाशी थांबला, चष्मा कपाळावर चढवला आणि चक्क हसला. "अहो बाई, तुम्ही तर तिथं नव्हतातच!" रोसलिननं पुढं वाकून बघितलं. कोची विमानतळाचा शिक्का, जानेवारीची सतरा तारीख, देशाबाहेर. त्याच्या शेजारी डब्लिनचा, अठरा. आणि टेबलावर त्या पासपोर्टला खेटून पडलेली फिर्याद, त्रिशूरहून इंग्रजी करून मागवलेली: वीस जानेवारी, शनिवार, संत सेबास्त्यानच्या सणादिवशी, आरोपी क्रमांक तीन, म्हणजे नवऱ्याची बहीण, हिच्या चिथावणीनं व मदतीनं फिर्यादीस मारहाण करून स्वयंपाकघरामागच्या खोलीत कोंडून ठेवले. आरोपी क्रमांक एक भाऊ, क्रमांक दोन आई. टिअर्नीनं एक बोट शिक्क्यावर ठेवलं, एक फिर्यादीवर, आणि दोन बोटांमधल्या त्या रिकाम्या जागेकडे तो असा बघत राहिला, की जणू ती त्यानंच खणून काढली होती. रोसलिनचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही. घशाशीच कुठंतरी लटकून राहिला.

"आता सोपं आहे," टिअर्नी म्हणाला. "तिकडच्या वकिलानं शपथपत्राचा मसुदा पाठवलाय. सोमवारी तिकडं सुनावणी आहे, म्हणजे आजच झालं पाहिजे. तुम्ही माझ्या अशील, तेव्हा मला तुमची शपथ घेता येत नाही. समोर पोस्टाच्या वर मिस हार्नी बसते. पाचला कुलूप लावते, एक मिनिट थांबत नाही. बायबलवर हात ठेवा, सही करा, कागद मला आणून द्या." मग खुर्चीत रेलून त्यानं पुढचंही सांगितलं. तिकडच्या वकिलाचं म्हणणं असं, की ज्या बाईनं परदेशात असलेल्या नणंदेला दाराशी उभी केली तिचं बाकीचंही रचलेलंच असणार. एक तारीख पडली की अख्खी फिर्याद पडेल. "तुमचा भाऊही सुटेल. एका दगडात दोन पक्षी. मग आपण नागरिकत्वाच्या अर्जात लिहू, की खोटा खटला होता, कोर्टानं काढून टाकला. वर्षाच्या आत तुम्ही आयरिश! काही शंका?" रोसलिन म्हणाली, "नाही." आणि हे 'नाही' तोंडातून इतक्या गुळगुळीतपणे बाहेर पडलं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

खाली रस्त्यावर आल्यावर बॉइन नदीवरचा वारा तोंडावर आला. तिनं कोटाची वरची गुंडी लावली आणि पुलाच्या कठड्याशी उभी राहिली. द्रॉहेडात तिची अठरा वर्षं गेली होती. नवऱ्याचं, साबूचं, नागरिकत्व झालं, मुलीचं, नियाचं, झालं. रोसलिनचं तेवढं राहिलं, कारण अप्पच्चन अंथरुणाला खिळले तेव्हा ती सहा महिने घरी जाऊन बसली आणि सलग मुक्कामाची वर्षं पहिल्यापासून मोजायची पाळी आली. वडिलांची सेवा केली त्याचं हे बक्षीस, असं साबू चेष्टेनं म्हणायचा. विमानतळावर उतरलं की ती दोघं एका बाजूनं सुळकन निघून जात आणि ही दुसऱ्या, लांबलचक रांगेत. नियाला लहानपणी त्याची मजा वाटायची, पलीकडून हात हलवायची. आता ती सोळाची झाली होती. पलीकडच्या खांबाला टेकून मोबाइलमध्ये डोकं घालून उभी राहायची, आणि आईची कुणी दहा बोटं काचेवर ठेवून घेत असलं तर तिकडं बघायची नाही. अर्जात प्रश्न एकच होता, साधा: कुठल्याही देशात तुमच्यावर गुन्हा प्रलंबित आहे का? 'हो' म्हटलं की अर्ज कुठल्या तरी कपाटात जाऊन वर्षानुवर्षं पडणार. आणि भारताचा पासपोर्ट येत्या वसंतात संपत होता. तो नवा करायलाही हाच प्रश्न. म्हणजे धड ना इकडची धड ना तिकडची. रांगेत उभं राहायलासुद्धा हातात काहीतरी लागतं.

साबूचा फोन आला. तो शीतगृहात रात्रपाळीचा मुकादम होता, पण हल्ली दिवसाही जात होता. टिअर्नीनं त्याला आधीच कळवलेलं दिसत होतं. "बघ! सुंठीवाचून खोकला गेला की नाही? मी म्हणत नव्हतो, देव आहे म्हणून?" तो एवढ्या मोठ्यानं बोलत होता, की रोसलिननं फोन कानापासून लांब धरला. "साबू," ती म्हणाली, "त्या वर्षी सण वीसला नव्हता." "कुठला सण?" "सेबास्त्यानचा. आपल्या चर्चमध्ये आदल्या शनिवारी झाला. तेराला." पलीकडं मालट्रक मागं घेताना वाजते तशी पिपाणी वाजत राहिली. मग साबूचा आवाज एकदम खाली आला. "हे तू वकिलाला बोललीस?" "नाही." "मग मलाही बोलली नाहीस. ऐक, रोस. शिक्का सरकारनं मारला. तारीख पोलिसानं लिहिली. सही आन्सीनं केली. यात तू कुठं आलीस?" "मी होते ना तिथं." "अगं, होतीस म्हणजे काय! घरात चाळीस माणसं होती. भाऊ दारू पिऊन बायकोला मारतो त्याला तू काय करणार? तू काय त्याच्या हातात काठी दिलीस? उगीच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ नकोस. नियाचा तरी विचार कर." मग जरा थांबून, मऊ होऊन, "सही करून आलीस की येताना माशांचं बघ, चांगले बांगडे मिळाले तर." फोन ठेवल्यावर तिला जाणवलं, की त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं नव्हतं. काठी दिली नव्हती. काठीचा प्रश्नच नव्हता.

तो सण तिच्यासाठीच आधी घेतला होता. हे गावातल्या कुणाच्याही लक्षात असेल, पण ठाण्यात बसलेल्या हवालदाराला काय ठाऊक? भावजयीनं, आन्सीनं, सांगितलं असणार, सणाचा शनिवार. त्यानं मान वर करून भिंतीवरचं सोनाराच्या दुकानाचं कॅलेंडर बघितलं असणार, वीस जानेवारी, शनिवार, खाली बारीक अक्षरात संताचं नाव, आणि लिहून टाकलं असणार. त्या वर्षी सणाची यजमानीण रोसलिन होती. आयर्लंडहून आलेली नर्स, घर बांधलेलं, वडिलांना सोन्यासारखं वागवलेलं. फादरनी स्वतः घरी येऊन विचारलं आणि अम्मची, तिची आई, भरून पावली. पण परतीचं विमान सतराचं. रजा वाढेना. तेव्हा फादर हसत म्हणाले, "यजमानीणच नसेल तर सण कुणाचा? आठवडाभर आधी घेऊ. संत काही कॅलेंडर बघून आशीर्वाद देत नाहीत." शेजारची एलिकुट्टी चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "विमानासाठी संतालासुद्धा सरकावं लागतं बाई हल्ली." रोसलिनला तो टोमणाही गोड लागला होता. डोक्यावर कागदी फुलांचा मुकुट घालून ती वेदीपर्यंत चालत गेली तेव्हा तिला वाटलं होतं, की इतकी वर्षं परक्यांच्या म्हाताऱ्यांची ढुंगणं धुतली त्याचं चीज झालं. वाटलं होतं हे खरं आहे. आता लाज वाटते म्हणून तेव्हाही वाटली असं म्हणण्यात काय अर्थ?

बाण घरोघर येतो तो शनिवारी. संताच्या अंगात घुसलेला बाण, चांदीचा, वीतभर, मखमलीवर ठेवलेला. पुढं बँड, मागं रंगीत छत्र्या, पोरंटोरं. फाटकाशी पांढरं कापड अंथरलेलं टेबल, त्यावर मेणबत्त्या, आणि घरातल्या प्रत्येकानं पुढं होऊन बाणाचं चुंबन घ्यायचं. प्रत्येकानं. इथंच सगळं अडलं. भाऊ जोजी सकाळपासून बँडवाल्या पोरांबरोबर शेडमागं बसून पीत होता. आन्सी त्याला बोलवायला गेली आणि चारचौघांत म्हणाली, "बाण येईपर्यंत तरी पायावर उभे राहा." एवढंच. त्यानं तिला केसांना धरून स्वयंपाकघरात आणलं आणि मारलं. रोसलिन समोर होती. तिच्या हातात कटलेटचं ताट होतं आणि ते तिनं खाली ठेवलं नाही, हे तिला आज पुलावर उभं राहून स्पष्ट दिसलं. ताट कलतं होऊ नये म्हणून तिनं कोपर शरीराशी घट्ट धरलं होतं. आन्सीचा ओठ फाटला. गालावर बोटं उठली. बँड कोपऱ्यावर आला तसा जोजी तोंड धुवायला पळाला, आणि अम्मचीनं सुनेकडं बघून कपाळावर हात मारला. "असलं तोंड घेऊन बाणापुढं येणार? आज? रोसमोळच्या सणाला?" तिनं आन्सीचा दंड धरला, तिला मागच्या पडवीत ढकललं, जिथं चूल, पाटा, मोठी भांडी आणि खिडकीला लोखंडी जाळी, आणि दार ओढून घेऊन रोसलिनच्या कानाशी म्हणाली, "रोसमोळे, कडी लाव."

त्या जुन्या पडवीच्या दाराची कडी सरळ लागत नाही. पावसाळ्यापावसाळ्यांनी लाकूड फुगलंय. दार गुडघ्यानं किंचित वर उचलावं लागतं, मग कडी आपसूक सरकते. लहानपणापासून घरात हे फक्त रोसलिनला जमायचं. तिनं ताट डाव्या हातावर तोललं, गुडघा लावला, दार उचललं आणि कडी सरकवली. अम्मची तोवर फाटकाशी पोचलीसुद्धा होती. आतून दोनदा थाप पडली, मुठीची नव्हे, तळहाताची. "अम्मची, पाणी तरी." मग बँड अंगणात शिरला आणि काही ऐकू येईनासं झालं. बाण पुढं आला. फादरनी विचारलं, "सूनबाई?" रोसलिन म्हणाली, "तिला बरं नाही, फादर, पडलीय जरा." आणि वाकून तिनं चांदीला ओठ लावले.

बरं, तेवढ्यावर संपलं असतं तर कुणी म्हणालं असतं, घाईत झालं. पण बाण गेला, फटाके झाले, पाहुणे जेवायला बसले, कोळिकोडचे मामा नेहमीप्रमाणे त्यांची सौदीतली गोष्ट सांगायला लागले आणि रोसलिन हसली. खोबऱ्याचे काप घातलेलं मटण तिनं दोनदा वाढून घेतलं. कुणी आन्सीला मुद्दाम इतका वेळ कोंडून ठेवलं असं नव्हतं. कुणाला ती आठवलीच नाही. दिवेलागणीला अम्मचीला मोठं पातेलं हवं झालं तेव्हा दार उघडलं. आन्सी पाट्याशी बसली होती. अंधारातून डोळे किलकिले करत तिनं रोसलिनला, ताई म्हणावं तसं चेची म्हणत, विचारलं, "सगळे गेले का, चेची?" आणि नळावर तोंड धुऊन भांडी घासायला बसली. रडली नाही, भांडली नाही. भांडी घासली. पुढं चार वर्षं त्या घरात राहिली, आणि मग एके दिवशी कापडी पिशवी घेऊन माहेरी गेली ती गेलीच.

पोस्टाच्या बाजूचा जिना अरुंद होता. वर मिस हार्नीच्या दाराबाहेर दोन खुर्च्या, एकीवर एक म्हातारा शेतकरी, बुटांना ओला चिखल, मांडीवर टोपी. "बसा, बसा," तो म्हणाला, "म्हातारी आत फोनवर आहे. तुमचं काय, जमीन?" "नाही." "मग नवरा?" "भाऊ," रोसलिन म्हणाली. "भाऊ म्हणजे जमीनच," म्हातारा खात्रीनं म्हणाला. "माझं वाटेचं आहे. शेजारी कुंपण घालतोय. मला शपथ घ्यायचीय, की माझा आजा त्या वाटेनं रोज गाय न्यायचा." "न्यायचा?" म्हाताऱ्यानं दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "त्याच्याकडं गाय कुठली! एक गाढव होतं, तेही लंगडं. पण वाट होती ना? वाट खरी असली म्हणजे झालं. देवाला काय पडलंय वरून काय चाललं, गाय की गाढव." तो खोकत हसला आणि तिलाही हसू आलं. किती सोपं होतं. वाट खरी होती. शिक्काही खरा होता. वीस तारखेला ती खरोखरच भारतात नव्हती. वीस तारखेला ती इथं, नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात, सकाळची पाळी करत होती. गॅफ्नी आजीला ओटमील भरवत होती. त्यात खोटं काय?

आणि वृद्धाश्रम आठवला म्हणताच तिला ती लिथुएनियाची पोरगी आठवली. नवी होती, वीसेक वर्षांची. रविवारी भेटीच्या वेळी गॅफ्नी आजी ओरडायला लागली म्हणून तिनं आजीला खोलीत नेलं आणि बाहेरून खुर्ची लावली. पाहुण्यांना त्रास नको म्हणून. रोसलिननं ते बघितलं आणि त्याच संध्याकाळी वर कळवलं. पोरगी रडत आली होती, "सिस्टर, दहाच मिनिटं हो, दहाच." रोसलिननं तिला नीट समजावून सांगितलं होतं, अगदी आवाज न चढवता, की माणसावर दार लावायचं असेल तर आधी विचारायचं असतं, मग सही करायची असते, आणि मग घटकाघटकाला जाऊन बघायचं असतं, नाहीतर ते दार लावणं नाही, टाकून देणं आहे. नव्या मुलींना ती हे अजूनही शिकवते. मनापासून शिकवते. बोलताना एकदाही जीभ अडखळली नाही, हेच भयंकर. माणूस स्वतःपासून किती कुशलतेनं लपतो! पोरगीचं काम गेलं. जाताना तिनं रोसलिनला मिठी मारली होती आणि थँक यू म्हणाली होती.

मग लग्न. कशाला आठवावं, पण आठवलं. आन्सीच्या लग्नात, जोजीनं तिच्या डोक्यावर मंत्रकोडी घातली, नवऱ्याकडची ती साडी, आणि आतापर्यंत वधूच्या मागं उभी असलेली तिची मावशी बाजूला झाली. रीतच तशी. त्या घटकेपासून वधूच्या मागं सासरचं माणूस उभं राहतं, नवऱ्याची बहीण. रोसलिन जाऊन उभी राहिली. तिला पदर सावरायचा होता, मानेशी मंगळसूत्राची दोरी नीट बसली का बघायचं होतं. आन्सीच्या मानेवर घामाचे थेंब होते आणि बारीक बारीक कुरळे केस. मान किंचित थरथरत होती. रोसलिननं तिच्या पाठीवर हात ठेवला तशी ती थांबली. त्या मानेला तेव्हा वाटलं असेल, की मागं कुणीतरी आहे.

"पुढचे!" शेतकरी बाहेर आला, डोळा मारून खाली उतरला. मिस हार्नी सत्तरीची, लोकरीचा कोट अंगात असतानाच टेबलाशी बसलेली, जणू निघायच्याच तयारीत. "बायबल की नुसतं वचन?" "बायबल." पुस्तक पुढं सरकलं. "कागद वाचलात? त्यात आहे ते खरं?" हे ती दिवसातून वीसदा विचारत असणार, उत्तराकडं तिचं लक्षही नव्हतं, ती शिक्क्याची शाई बघत होती. रोसलिननं कागद पुन्हा वाचला. दोनच वाक्यं कामाची होती. पहिलं, वीस जानेवारी रोजी मी भारतात नव्हते. दुसरं, सबब फिर्यादीत वर्णिलेल्या प्रसंगी मी हजर नव्हते आणि त्याच्याशी माझा काही संबंध नाही. पहिल्या वाक्यावर तिला दहा वेळा हात ठेवता आला असता. "पहिल्या वाक्यापुरती शपथ घेता येते का?" तिनं विचारलं. मिस हार्नीनं मान वर केली. पहिल्यांदाच तिनं समोरच्या बाईकडं नीट बघितलं. "शपथ किलोवर मिळत नाही, बाई. सगळ्या कागदाची असते." "मग मला पाच मिनिटं द्या. एक फोन करते." "करा. पण मी पाचला कुलूप लावते."

जिन्याच्या वळणावर, भिंतीला पाठ टेकून तिनं नंबर शोधला. अजून 'आन्सी घर' असाच होता. तिकडं रात्रीचं जेवण व्हायची वेळ. काय बोलायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात तिला हवं होतं, की आन्सीनं शिव्या घालाव्यात, म्हणजे वर जाऊन सही करणं सोपं होईल. घंटा वाजत राहिली.

"हॅलो?" मागं टीव्हीचा आवाज. "आन्सी, मी रोसलिन." टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "वकिलांनी सांगितलंय, तुमच्याकडच्या कुणाशी बोलायचं नाही म्हणून." "बरोबर आहे त्यांचं. ठेव हवं तर." दोघींपैकी कुणीच ठेवला नाही. "नियामोळ कशी आहे?" आन्सीनं विचारलं. "बरी आहे. माझ्यापेक्षा उंच झाली." "होणारच. तिकडचं दूध." मग आन्सी एकदम घाईघाईनं बोलायला लागली, कुणी थांबवेल या भीतीनं बोलावं तशी. "चेची, मीच फोन करणार होते. तुमचे तिकडचे कागद अडलेत ना? एलिकुट्टीच्या सुनेनं सांगितलं. मी तुमचं नाव लिहायला सांगितलं नव्हतं हो. ठाण्यातला हवालदार म्हणाला, परदेशात नणंद आहे का? मग घाला तिचंही नाव, म्हणजे बाकीचे लवकर ताळ्यावर येतात. तेव्हा मला राग इतका होता, की मी कशावरही सही केली असती. नंतर फार वाईट वाटलं. सोमवारी मी न्यायाधीशांना सांगणार आहे, की तीन नंबरविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. वकिलांशी बोलून ठेवलंय. तुमचं नाव निघेल."

रोसलिननं जिन्याचा कठडा धरला. निघेल. शपथ नको, बायबल नको, भावाला सोडवायला कुणाला खोटं पाडणं नको. आन्सीचा खटला तिच्या जागी उभा राहील आणि ही अलगद बाहेर. फक्त थँक यू म्हणायचं. इतकं फुकट आयुष्यात तिला कधी कुणी काही दिलं नव्हतं. "का?" तिच्या तोंडून निघून गेलं. "का म्हणजे?" आन्सी म्हणाली. "त्या घरात माझ्याशी माणसासारखं वागणाऱ्या तुम्ही एकट्याच. सणाच्या त्या दिवशी, मी भांडी घासत होते ना, तुम्ही चहा आणून दिलात. साखर जास्त घालून. ओठाला लागेल म्हणून बशीत ओतून दिलात. मी ते कधी विसरले नाही, चेची. मी तिथून निघाले तेव्हाही माझ्या डोक्यात तेच होतं, की सगळेच काही वाईट नसतात. अम्मचीला मात्र मी माफ करणार नाही. मारणारा मारतो, तो शुद्धीत नसतो. पण शुद्धीत असलेल्या माणसानं बाहेरून कडी लावली, हे मला अजून झोपू देत नाही."

चहा? रोसलिनला चहा आठवेना. दिला असेल. तिच्या हाताला अशी सवयच होती, दुखलेल्याला काहीतरी आणून द्यायची. वर मिस हार्नीच्या खुर्चीचा आवाज झाला, किल्ल्या वाजल्या. आता गप्प बसायचं, रोसलिननं स्वतःला बजावलं. तोंडातून ब्र काढायचा नाही. ही पोरगी सुखानं एक गोष्ट जपून बसलीय आणि तुझंही त्यात भलं आहे. कुणाचं काय बिघडतंय? खरोखरच कुणाचं काही बिघडत नव्हतं. आणि त्या कुणाचं काही न बिघडणाऱ्या जागेत, रांगेच्या पलीकडं नियाच्या शेजारी, आपण उभ्या आहोत, हातात नवा पासपोर्ट, आणि मागून आन्सी आपल्यासाठी प्रार्थना करतेय, हे तिला दिसलं आणि तिचा श्वास कोंडला.

"आन्सी, कडी मी लावली."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अम्मची फाटकाशी गेली होती. ती नुसती म्हणाली. लावली मी. तुझी थाप ऐकली, पाणी मागितलंस तेही ऐकलं, आणि जेवायला बसले. फादरना तू पडलीयस म्हणून सांगितलं तेही मीच." ती भरभर बोलत होती, मळमळ सुरू झाली की थांबवता येत नाही तसं. "आणि तुझ्या फिर्यादीतली तारीख चुकलीय. सण वीसला नव्हता, तेराला होता, माझ्या विमानासाठी आधी घेतला होता. हवालदारानं कॅलेंडर बघून लिहिलं. सोमवारी जोजीचा वकील त्यावरच तुला खोटी पाडणार आहे. उद्या सकाळी तुझ्या वकिलाकडं जा, तारीख दुरुस्त करून घे. चर्चमधून तसं लेखी आण. फादर बदलले असले तरी नोंद असेल."

मिस हार्नी जिना उतरत तिच्याजवळ येऊन थांबली, हातात किल्ल्यांचा जुडगा. कागदाकडं बघून तिनं भुवया उंचावल्या. रोसलिननं मान हलवली, नाही. म्हातारी भिंतीच्या कडेनं खाली उतरली.

"चेची," आन्सी अखेर म्हणाली. आवाजात राग नव्हता. रागापेक्षा काहीतरी थकलेलं. "तुम्ही गप्प राहिला असतात तर चाललं असतं." "माहीत आहे." "त्या घरातली एवढी एकच चांगली गोष्ट होती माझ्याजवळ. तीही तुम्ही नेलीत."

रोसलिनला म्हणायचं होतं, की मला माफ कर. पण ते आता आपल्याच सोयीचं झालं असतं. तिकडं कुणीतरी आन्सीला जेवायला हाक मारली. आन्सीनं "आले" म्हणून सांगितलं आणि फोन तोंडाजवळ घेतला.

"मग मी तुमचं नाव काढत नाही, चेची."

"नको काढूस," रोसलिन म्हणाली.